मदत हवी आहे: टूल झिजत असताना सीपीके (सरासरी कुठे आहे हे धरून, माप टॉलरन्समध्ये किती नीट बसतं याचा आकडा) कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. भोसरीत सीएनसी लेथवर आम्ही शाफ्ट टर्न करतो. व्यास २५ मिमी, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, अधिक-उणे २० मायक्रॉन. दर तासाला सलग पाच नग मोजून एक्स-बार (गटाची सरासरी) आणि आर (गटाची रेंज, म्हणजे सर्वांत मोठ्या-लहान मापातला फरक) चार्ट भरतो. सरासरी रेंज ९.३ मायक्रॉन, पाचच्या गटासाठीच्या ठरलेल्या २.३२६ या स्थिरांकाने भागलं की सिग्मा (मापांचा प्रमाण विचलन) ४ मायक्रॉन. म्हणजे सीपी (सरासरी कुठे आहे हे न पाहता, फक्त पसाऱ्यावरून काढलेला आकडा) १.६७, उत्तम. पण सरासरी ६ मायक्रॉन वर सरकलेली, त्यामुळे सीपीके १.१७ वरच अडकतो. ग्राहकाला किमान १.३३ हवा आहे.

सरासरी सरकते ती इन्सर्टच्या (टूलच्या कापणाऱ्या तुकड्याच्या) झिजेमुळे. व्यास हळूहळू वाढतो, ऑपरेटर ऑफसेट देतो (मशीनवर टूलची जागा दुरुस्त करतो), पुन्हा तेच. आर चार्ट शांत असतो, एक्स-बारचे बिंदू मात्र सारखे चार्टच्या नियंत्रण मर्यादेबाहेर जातात. अशा वेळी गटाच्या आतल्या सिग्मावर काढलेला सीपीके ग्राहकाला दाखवणं मला पटत नाही. पीपीके (तोच आकडा, पण सगळ्या मापांच्या एकूण सिग्मावर काढलेला) जास्त प्रामाणिक वाटतो, कारण त्यात झिजेचा फरकही येतो. तुम्ही काय देता?

तिरक्या मध्यरेषेचा (झिजेबरोबर मध्यरेषाही सरकणारा) चार्ट शॉपफ्लोअरवर कोणी खरंच चालवलाय का? आणि ऑफसेट नेमका कधी द्यायचा? प्रत्येक नगामागे दिला तर फरक उलट वाढतो, हे गुणवत्ता-तज्ज्ञ डेमिंग यांच्या फनेल प्रयोगावरून (दर वेळी फनेल हलवलं की गोट्या जास्तच विखुरतात) ठाऊक आहे.

शिवाय मायक्रोमीटरचा गेज आर अँड आर (मापनामुळेच येणारा फरक) टॉलरन्सच्या २४ टक्के आहे. १० ते ३० चालवून घेतात, तरी मनाला खटकतं. आधी मापन सुधारू की झिजेचा बंदोबस्त करू? ज्यांनी हे हाताळलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.