मदत हवी आहे: उलट्या प्रवाहात लाटच गायब होतेय

सांगलीचा_सिव्हिलवाला
प्रोजेक्टसाठी फ्ल्यूममध्ये, म्हणजे लॅबमधल्या लांबट पाण्याच्या टाकीत, खाडीचं मुख बसवलंय. एका टोकाला लाटा उठवणारं पॅडल, दुसऱ्या टोकाकडून पंपाने ओहोटीचा प्रवाह. पुस्तकात लिहिलंय, प्रवाह उलटा असला की लाट आखूड होते आणि उंची वाढते. इथे उंची राहू दे, लाटच दिसत नाही. गाईड म्हणतात रीडिंग पुन्हा घे. सोमवारी प्रेझेंटेशन आहे, लवकर सांगा.

मळेवाला_मिरज
पंप किती एचपीचा? फूटव्हॉल्व्ह हवा धरत असणार.

सांगलीचा_सिव्हिलवाला
पंप चांगला आहे हो. प्रश्न लाटेचा आहे.

खारं_पाणी
पिरियड, म्हणजे एका लाटेपासून पुढच्या लाटेपर्यंतचा वेळ, किती? प्रवाहाचा वेग? खोली? लाट मोजणारा प्रोब कुठे? यातलं काहीच न लिहिता उत्तर मागतोयस.

सांगलीचा_सिव्हिलवाला
०.८ सेकंद. पाणी ४० सेंमी. वेग रुंद भागात १५, मुखात ३५ सेंमी प्रतिसेकंद. प्रोब मुखाच्या आत, पंपाकडे. स्केल १:२५.

कोडकर
फ्ल्यूम सोड, स्वॅन वापर, लाटांचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर. डेल्फ्टवाल्यांचं आहे, फुकट आहे, प्रवाहही घेतं.

खारं_पाणी
सोमवार तोंडावर आलाय आणि तुम्ही त्याला नवं सॉफ्टवेअर शिकवा.

मळेवाला_मिरज
मग तळाचं घर्षण. प्लायवूड लाट खातं.

खारं_पाणी
एवढ्याशा अंतरात घर्षण अख्खी लाट गिळत नाही. हिशेब बघ. खोल पाण्यात लाटेचा वेग १.५६ गुणिले पिरियड, म्हणजे तुझा १.२५ मीटर प्रतिसेकंद. उलटा प्रवाह त्याच्या चौथाईला, ३१ सेंमीला पोचला की लाटेची ऊर्जा पुढे सरकतच नाही. तुझ्या मुखात ३५ आहेत. लाट अलीकडेच अडून फुटते, तुझा प्रोब पलीकडे बसलाय. तो पॅडलच्या बाजूला, मुखाच्या जरा अलीकडे आण. आधी लाट ताठ होताना दिसेल, मग फेस. आणि उंची काढताना नुसती ऊर्जा कायम धरू नकोस, प्रवाह लाटेला ऊर्जा देतो. ऊर्जा भागिले प्रवाहासोबत वाहणाऱ्याला दिसणारी लाटेची वारंवारता, याचा ओघ कायम राहतो. ब्रेथर्टन आणि गॅरेट यांचा पेपर बघ, १९६८.

दाभोळकडचा
उधाणाच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, समोरून वारा आला की खाडीच्या तोंडावर पाणी नुसतं उभं राहतं. होडीवाले भरती लागायची वाट बघत बाहेर थांबतात. पण लांबून येणारी मोठी लाट अडत नाही हां, ती आत शिरतेच.

खारं_पाणी
बरोबर. ८ सेकंदांची लाट अडवायला ३ मीटर प्रतिसेकंदाच्या वर प्रवाह लागेल. १:२५ ला वेळ वर्गमुळाने, म्हणजे पाचपट; तुझे ०.८ म्हणजे समुद्रात ४ सेकंद, वाऱ्याची आखूड लाट. १.६ सेकंदांवर चालव, उंची वाढलेली मिळेल.

कृष्णाकाठ
म्हणजे पुढचं पाणी मागच्याला अडवतं. अलमट्टी धरणाचं आम्ही २०१९ च्या पुरापासून हेच सांगतोय!

मळेवाला_मिरज
अलमट्टी काढू नका. आधी पूररेषेतली बांधकामं बोला.

कृष्णाकाठ
आयर्विन पुलावर येऊन बोला.

सांगलीचा_सिव्हिलवाला
पुराचा वेगळा धागा काढा ना राव. १.६ लावलं, आता पंपाकडच्या भिंतीवरून लाट परत येतेय. तिथे काय टाकू?

खारं_पाणी
खडीचा उतार. पंपाचं तोंड बुजवू नकोस.

पर्यटक_विटा
तारकर्लीला डिसेंबरात डॉल्फिन दिसतात का?