मदत हवी आहे: हवाई अंतरावरून प्रवासाचा खरा वेळ कसा धरायचा?

नमस्कार मंडळी, आई जानेवारीत पहिल्यांदाच एकटी लंडनहून न्यूयॉर्कला जाणार आहे. तिला दर आठ तासांनी गोळी घ्यावी लागते, म्हणून वेळेचा हिशोब चुकायला नको.

दोन्ही शहरांमधलं सरळ हवाई अंतर साधारण 5,550 किमी. विमानाचा वेग ताशी 900 किमी धरला तर सव्वासहा तास होतात. तिकिटावर मात्र जाताना आठ तास आणि येताना सात! वातावरणाच्या वरच्या थरातला जेट प्रवाह (खूप वेगवान वाऱ्यांचा पट्टा) पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे जाताना तो समोरून येतो आणि परतताना पाठीशी असतो, एवढं समजलं. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं यातही वेळ जातोच.

घड्याळाने जास्त गोंधळ होतो. सकाळी 11 ला निघून दुपारी 2 ला पोहोचणार, म्हणजे तीनच तास वाटतात, कारण न्यूयॉर्क पाच तास मागे आहे. आईला घड्याळ लंडनच्याच वेळेवर ठेवायला सांगितलंय. बरोबर ना?

हिवाळ्यात हे वारे जास्त जोरात असतात. मग आठ तासांवर आणखी किती वेळ हाताशी ठेवावा? नियमित जाणाऱ्यांनी कृपया सांगा.