मदत हवी आहे: केमोसाठी व्हीआर हेडसेट, नागपुरात कुठे?

वर्धारोडकर: आईसाठी व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावून चहूबाजूंनी दृश्य दिसतं तो) घ्यायचा आहे. मेटाचा क्वेस्ट ३ घेऊ की ३एस? नागपुरात लगेच कुठे मिळेल? सोमवारी केमो आहे. वापरला असेल त्यांनीच सांगा, प्लीज.

बर्डीवाला: सीताबर्डीत विचारा. पण भारी गेम खेळायचे तर ग्राफिक कार्ड तगडं लागते. लॅपटॉप कोणता आहे?

स्वाती_ध: गेम कुठून आले मधेच? भाऊ, काकूंना त्रास काय होतो? दुखतं, भीती वाटते, की मळमळतं? जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलला नेता की तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात?

वर्धारोडकर: स्तनाचा कॅन्सर. जामठा. मळमळ. हेडसेट कोणता ते सांगा ना.

काढेवाले: मशीन कशाला बाप्पा? गुळवेलीचा काढा द्या, मळमळ पळून जाते.

मानेवाडा_पी: केमो चालू असताना मनाने काढे देऊ नका. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृत बिघडलेले रुग्ण नोंदवले आहेत.

काढेवाले: ती दुसरीच वेल होती, आयुषवाल्यांनी सांगितलं आहे.

मानेवाडा_पी: मग तुमच्या बाजारातली कोणती, हे कोण ओळखणार?

डेकेअर_सिस्टर: मळमळ केमोनंतर होते की आधीच?

वर्धारोडकर: आधीच. चिंचभुवन ओलांडलं की गाडीतच ओकारी. गोळी घेऊनही. वॉर्डात स्पिरिटचा वास आला की पदर तोंडाला लावते. मागच्या वेळी सुई लावायच्या आधीच "घरी चल" म्हणत होती. म्हणून घाई करतोय.

डेकेअर_सिस्टर: हे आधी सांगायचं ना दादा! रस्ता, वास, सुई यांची उलटीशी सांगड बसली आहे. काकू नाटक करत नाहीत, हे घरात सगळ्यांना सांगा. ऑन्डॅनसेट्रॉन ही उलटीची नेहमीची गोळी केमोनंतरच्या उलटीवर चांगली चालते, या आधीच्या मळमळीवर फारशी नाही. त्यासाठी डॉक्टर लोराझेपामसारखी भीती कमी करणारी गोळी देऊ शकतात. सोमवारपर्यंत थांबू नका, उद्याच फोन करा.

व्हीआरचा उपयोग आहे, पण खुर्चीवर बसल्यावर. लक्ष दुसरीकडे गेलं की सुईची भीती कमी होते. अमेरिकेत सिएटलला तर १९९६ पासून भाजलेल्यांच्या ड्रेसिंगच्या वेळी व्हीआर वापरून पाहत आले आहेत, पुढे त्यासाठी खास बर्फाच्या दरीचा खेळही बनवला. मात्र चालत्या गाडीत अजिबात लावू नका, मळमळ वाढेल. उडणारी, धावणारी दृश्यं नकोत. एका जागी बसून पाहायचं तळं किंवा जंगल निवडा. घरी आधी पाचेक मिनिटं लावून बघा. हेडसेट अर्धा किलोचा असतो, केस गेलेल्या डोक्यावर पट्टा रुततो, खाली सुती टोपी घाला. सलाइनच्या हातात कंट्रोलर नको. फिट येत असेल किंवा आजार मेंदूत पोचला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

रामटेकी: त्यापेक्षा कानात भजनं लावून द्या. आमच्या मायला तेवढं पुरलं.

स्वाती_ध: भजनं ऐकताना सुई दिसतेच की हो. काकूंना काय आवडतं ते त्यांनाच विचारा.

उमरेडहून: विषय निघालाच आहे तर, जामठ्याजवळ नातेवाइकांसाठी स्वस्त खोली कुणाला माहीत आहे का?

वर्धारोडकर: फिट वगैरे काही नाही. डॉक्टरांना उद्या सकाळीच फोन करतो. पण ३ की ३एस?

मानेवाडा_पी: अशा दृश्यांना ३एस पुष्कळ झाला, वजनही जवळपास तेवढंच. पण काकूंना सोसतो का ते बघितल्याशिवाय पैसे घालू नका. माझा क्वेस्ट २ घरी पडून आहे. चेहऱ्याला लागणारा फोम काढून नवं कोरं सिलिकॉन कव्हर लावून देतो, केमोने पांढऱ्या पेशी कमी असताना दुसऱ्याचा घाम नको. व्यनि (खासगी निरोप) करा, शनिवारी घेऊन जा.