शौर्यापेक्षा स्थैर्य श्रेष्ठ का?

प्रश्न: टोमासिन फॉन झेर्क्लेरे यांनी १२१५-१६ मध्ये रचलेल्या ‘डेर वेल्शे गास्ट’ या दहा भागांच्या जर्मन बोधकाव्यात, उमरावांना उपदेश करताना पराक्रमापेक्षा मनाच्या स्थैर्यावर इतका भर का दिला असावा?

उत्तर १: अस्थैर्य हे सर्व दुर्गुणांचे मूळ आहे, अशी टोमासिन यांची धारणा आहे. म्हणूनच स्थैर्य, संयम, न्याय आणि औदार्य हे गुण ते एकमेकांत गुंफतात. ज्याला स्वतःच्या वासना आवरत नाहीत, तो कितीही उच्चकुलीन असला तरी त्यांच्या दृष्टीने दासच ठरतो. शौर्य या पायावर उभे राहिले तरच त्याला अर्थ आहे.

उत्तर २: कवी मूळचे ईशान्य इटलीतल्या फ्रिउलीचे, जर्मन ही त्यांची मातृभाषा नव्हे, आणि काव्याच्या नावातला परका ‘पाहुणा’ म्हणजे हे काव्यच, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते. शिवाय ते कोरडे उपदेशक नाहीत: साहसकथा खऱ्या नसल्या तरी त्यांत सत्याच्या खुणा असतात, म्हणून तरुणांनी त्या जरूर ऐकाव्यात, असे ते सांगतात.

उत्तर ३: सोबत ‘विन्सबेके’ हे मध्ययुगीन जर्मन बोधकाव्यही वाचावे, तिथे हाच विषय पित्याने पुत्राला केलेल्या उपदेशातून, अधिक जिव्हाळ्याने येतो.