मदत हवी आहे: शनिवारपर्यंत अमेरिकन कॉलेज फुटबॉल समजून घ्यायचं आहे

ऑगस्टमध्ये बदली होऊन ओहायोतल्या कोलंबसला आले. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीची टीम इथे घरचं दैवत आहे हे कळायला फार दिवस लागले नाहीत. पण सोमवारी ऑफिसात गेले तर माझ्या नावाच्या पाटीवरच्या 'एम'वर लाल चिकटपट्टीची फुली! म्हटलं, आपलं काही चुकलं की काय. मग समजलं, शनिवारी मिशिगन युनिव्हर्सिटीशी मॅच आहे आणि या आठवड्यात 'एम' दिसला की फुली मारायची पद्धत आहे. युनिव्हर्सिटीतल्या पाट्याही सुटत नाहीत.

शेजारच्या आजोबांनी टीव्हीवर मॅच बघायला बोलावलंय. नुसती मान डोलवत बसायचं जिवावर आलंय.

आतापर्यंत कळलेलं: अकरा विरुद्ध अकरा, शंभर यार्डांचं मैदान. चार प्रयत्नांत दहा यार्ड गाठले की पुन्हा चार मिळतात. बॉल घेऊन समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पोचलं की टचडाउन, त्याचे सहा गुण, आणि नाव तसं असलं तरी बॉल जमिनीला टेकवावा लागत नाही.

न कळलेलं: चौथा प्रयत्न हातात असताना बॉल लाथ मारून समोरच्यांना का देऊन टाकतात? २०२४मध्ये ओहायो स्टेट मिशिगनकडून १३-१० हरली, तरी २०२५च्या जानेवारीत देशाची विजेती कशी? आणि ओहायो स्टेट ज्या साखळीत खेळते त्या 'बिग टेन'मध्ये अठरा टीम कशा?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १
लाथेला पंट म्हणतात. चौथा प्रयत्न फसला तर बॉल तिथल्या तिथेच समोरच्यांना मिळतो. तुम्ही आपल्याच टोकाजवळ असाल तर त्यांना आयतं वाढलेलं ताट. त्यापेक्षा चाळीसेक यार्ड लांब ढकललेला बरा. समोरचं टोक जवळ असेल तर मात्र खांबांमधून लाथ मारून तीन गुण घेतात.

विजेतेपदाचं म्हणाल तर साखळीत एक-दोन मॅच हरलेल्यांनाही वाव आहे. शेवटच्या बाद फेरीसाठी आधी निवड समिती फक्त चार टीम निवडायची, २०२४च्या मोसमापासून बारा. ओहायो स्टेट ओरेगनकडून एका गुणाने आणि मग मिशिगनकडून हरली होती, पण बारांत आली. तिथे टेनेसी, ओरेगन, टेक्सस आणि शेवटी नोटर डेम, चौघांना हरवलं. आजोबांना विचारू नका मात्र. २०२४पर्यंत मिशिगनकडून सलग चार वेळा हरल्याचं दुःख त्या चषकानेही गेलेलं नाही.

टीव्हीवर पिवळी रेघ दिसेल, ते दहा यार्ड पुरे करायला तिथपर्यंत पोचायचं असतं. ती कॉम्प्युटरने काढलेली असते, मैदानावर नसते. सुरुवातीला बॉल शोधू नका, रेघ बघा.

प्रतिसाद २
बिग टेनमध्ये एकेकाळी खरंच दहा होत्या. आता लॉस एंजेलिसच्या दोन टीमही त्यात आहेत, म्हणजे मिडवेस्टची (अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागाची) साखळी पार पॅसिफिकला भिडली. टीव्हीचा पैसा, दुसरं काय. नाव चालतंय म्हणून ठेवलंय.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे! रेघेचं मला खरंच वाटत होतं, कुणीतरी पळत जाऊन रंगवत असेल. जाताना चिवडा नेला तर चालेल ना?

प्रतिसाद १
पळेल! फक्त निळं-पिवळं काही घालू नका, ते मिशिगनचे रंग.

धागाकर्ती
अरे देवा. निळा कुर्ता आणि पिवळी ओढणी इस्त्री करून ठेवली होती.