मोठ्या टाइल्स भिंतीला ठीक, शॉवरखाली नको
छोट्या बाथरूममध्ये मोठ्या टाइल्स घ्या, सांधे कमी दिसतात आणि जागा मोठी वाटते, असं म्हणतात, ते भिंतींपुरतं अगदी पटतं. शॉवरखालच्या जमिनीला मात्र ते लावू नका. तिथे पाण्याला उतार लागतो, मीटरला साधारण दीड-दोन सेंटिमीटर. जाळी मधोमध असेल तर उतार चारही बाजूंनी द्यावा लागतो, आणि ६० सेंटिमीटरची अखंड टाइल काही वाकत नाही. ती तिरकी कापावीच लागते. आमच्याकडे न कापता बसवली. कोपऱ्यात पाणी साचायचं, वर्षभरात सांधे काळे पडले, शेवटी सगळी फरशी उखडावी लागली.

मोठीच टाइल हवी असेल तर भिंतीलगत लांब जाळी घ्या, मग एकाच दिशेचा उतार पुरतो.