मदत हवी आहे : मधुमेही बोक्याचे खाद्य बदलताना इन्सुलिनची मात्रा कशी सांभाळावी?

आमचा मन्या ११ वर्षांचा, नसबंदी झालेला, चांगला सात किलोंचा बोका. अडीच महिन्यांपूर्वी तो सारखा पाणी पिऊ लागला आणि भरपूर खाऊनही त्याच्या पाठीचा कणा हाताला लागू लागला, तेव्हा तपासणीत मधुमेह निघाला. घाबरलेल्या मांजराची साखर एरवीही चढते, म्हणून डॉक्टरांनी मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामाइन चाचणीही करून घेतली. तीही वाढलेलीच आली. तेव्हापासून ग्लार्जिन इन्सुलिन दर १२ तासांनी २ युनिट असे चालू आहे.

माझी अडचण खाद्यबदलाची आहे. कोरड्या दाण्यांत कर्बोदके बरीच असतात, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही भरपूर प्रथिनांचे, कमी कर्बोदकांचे ओले खाद्य सुरू केले. मी मात्र उत्साहाच्या भरात चार दिवसांतच दाणे पूर्ण बंद केले, आणि कर्बोदके घटली की इन्सुलिनची गरजही झपाट्याने घटते हे माझ्या ध्यानातच आले नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी सुई देण्यापूर्वी त्याचा कान कोमट कपड्याने शेकला, कडेला टोचले, आणि त्या मोहरीएवढ्या थेंबाचा आकडा आला ६८. माणसांचे ग्लुकोमीटर मांजराची साखर थोडी कमी दाखवते हे माहीत असूनही माझे हात थरथरत होते. सुई दिली नाही, खायला घातले, हिरड्यांना चोळण्यासाठी साखरेचा पाक हाताशी ठेवला आणि डॉक्टरांना फोन केला. आता मात्रा १ युनिटवर आणली आहे.

(ज्यांनी नुकतेच इन्सुलिन सुरू केले आहे, त्यांनी सिरिंज जरूर तपासावी. एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असलेले इन्सुलिन ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या खुणा असलेल्या सिरिंजने मोजले, तर त्याच खुणेवर अडीचपट औषध जाते. आम्हाला दुकानातून चुकीची सिरिंज मिळाली होती. पहिल्या सुईआधी लक्षात आले म्हणून निभावले.)

डॉक्टरांचे मार्गदर्शन आहेच, पण घरी रोज हे करणाऱ्यांचा अनुभव मला हवा आहे. आपण खाद्य किती दिवसांत बदलले आणि त्या काळात दिवसातून किती वेळा साखर मोजली? मन्या कधीकधी अर्धीच वाटी खातो आणि सुईची वेळ तर झालेली असते. अशा वेळी काय करायचे, हे आपल्या डॉक्टरांनी आधीच ठरवून दिले आहे का? सुरुवातीच्या काही महिन्यांत साखर नीट आटोक्यात आली, तर काही मांजरांचे इन्सुलिन सुटते असे डॉक्टर म्हणाले. ज्यांचे सुटले, त्यांनी मात्रा कशी उतरवत नेली आणि त्यानंतर मोजणे किती दिवस चालू ठेवले?

आणखी एक विचारायचे आहे. मन्या अजून मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालतो. मधुमेहाने नसा दुखावल्या की असे होते, आणि साखर सुधारल्यावर ते भरून येऊ शकते, असे कळले आहे. काल तो खिडकीपाशी गेला, वर पाहिले, आणि उडी न मारताच खाली बसला. आपल्या मांजराची उडी परत आली असल्यास किती काळाने आली, ते कृपया कळवावे.